चौकडीच्या निवडक गाण्यांचा राहिलेला पंचनामा

मिलिंद, तुझी ती सीडी मी अखेर नीट ऐकली. भिकार आहे.

हे वाक्य तुला पाच महिन्यांपूर्वी ऐकवायला हवं होतं. तेव्हा मी काय म्हणालो ते तुलाही माहीत आहे आणि मलाही, आणि तेच निस्तरायला आज बसलोय. तू गेलास त्याला सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोललेत की तू असतास तर मागच्या रांगेत बसून मला कोपरखळ्या मारल्या असत्यास. शोकसभेत एकाने तुला 'हसतमुख' म्हटलं. तू आणि हसतमुख? सकाळी दहाच्या आत तुझ्याशी बोलायची सुजाताची, तुझ्या बायकोचीसुद्धा छाती नव्हती. दुसऱ्याने 'मनमिळाऊ' म्हटलं. हा कोण, तर तुझ्याच ब्लॉकमधला तो मराठी शेजारी, ज्याच्याशी तू कॉरिडॉरमधल्या कुंड्यांवरून तीन वर्षं भांडत होतास. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कुंड्या जिंकल्याचं असावं.

मग मी उठलो. अकरा वर्षांचा मित्र म्हणून मला शेवटी ठेवलं होतं. मी तुला 'संगीताचे चोखंदळ रसिक' म्हणालो. चोखंदळ! अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यातले चार दाढीवाले बाप्ये ट्रक, नदी आणि आई यांच्यावर गळे काढतात, ते जन्मभर भक्तिभावाने ऐकणारा माणूस चोखंदळ. लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसलो आणि मला स्वतःची किळस आली.

बाहेर प्रज्ञाने मला गाठलं. एकोणीस वर्षांची तुझी मुलगी, जीभ तुझीच घेऊन जन्माला आलेली. "अंकल, दॅट वॉज सो फेक लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"प्रज्ञा, काकांशी असं बोलतात का?" सुजाता म्हणाली.

"व्हॉट, ट्रू वॉट. पप्पा वुड बी सो बोअर्ड."

सुजाता मला म्हणाली, "भाऊजी, शनिवारी या. ती सीडी अजून प्लेअरमध्येच आहे." त्यामुळे काल आलो होतो. सेंगकांगहून निघून, दोनदा गाडी बदलून, सव्वा तासाने सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला. अकरा वर्षं हा प्रवास केला, पण काल पहिल्यांदाच तो लांबचा वाटला.

आता मुद्द्याचं बोलू. ग्रेटेस्ट हिट्स हा प्रकारच मुळात लबाडीचा, हे मी तुला अनेकदा सांगितलंय. ज्याच्याकडे नवीन सांगण्यासारखं काही उरत नाही तो जुनं निवडून पुन्हा बांधून देतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेली जिलबी शेजारी वाटतात, तसं. पण शिळी का होईना, जिलबी तीच असते. तुझ्या या चौकडीने तेवढाही प्रामाणिकपणा ठेवलेला नाही. वीस गाणी आहेत, त्यातली अकरा मूळची नाहीतच. म्हातारपणी पुन्हा गाऊन घेतली आहेत. हे मुखपृष्ठावर कुठे लिहिलंय? कुठेही नाही. आतल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. पट्टी दीड स्वर खाली आणलीय आणि खालच्या आवाजाचा जो बाप्या आहे तो आता गात नाही, खाकरतो. तुला हे कळलं नव्हतं असं मला सांगू नकोस. तू त्यांची प्रत्येक ओळ पाठ केलेला माणूस. तुला कळलं होतं आणि तू गप्प बसलास. तू पक्षपाती परीक्षक होतास, मिलिंद. ही माझी पहिली नोंद.

दुसरी नोंद पट्टीबद्दलच. या लोकांना प्रत्येक गाण्यात शेवटचं धृपद आलं की सूर चढवायची खोड आहे. वीसपैकी चौदा गाण्यांत हे केलंय, मी बोटांवर मोजलं. सांगण्यासारखं संपलं की माणूस आवाज चढवतो. शोकसभेतही तेच चाललं होतं. चौदाव्या वेळी ते वर चढले तेव्हा मी मोठ्यांदा "अरे उतरा आता!" म्हणालो आणि स्वयंपाकघरात सुजाताच्या हातातलं भांडं पडलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "नाही हो, चालू द्या. घरात कोणीतरी ओरडायला पाहिजे होतं."

गाण्यांचे विषय सांगू? पहिल्या गाण्यात बाप मरतो आणि ट्रक मुलाला मिळतो. चौथ्यात तोच ट्रक, पण पावसात. सातव्यात एक जण अठराव्या वर्षी गाव सोडतो आणि पुढची चाळीस वर्षं दुरून त्या गावाचे गोडवे गातो. परत मात्र जात नाही. नवव्यात कुत्रं दुसऱ्याच कडव्यात मरतं, त्यामुळे तिसऱ्या कडव्यात करायला काही उरत नाही, तर तिथे देवाला आणलंय. शेवटची दोन गाणी नवीन म्हणून घातलीयत. एकात नदी आहे. दुसऱ्यातही नदीच आहे, पण ढोल मोठा आहे.

त्या सातव्या गाण्यावरून आपलं काय भांडण झालं होतं, आठवतं का? मी म्हणालो होतो, गावाची एवढी आठवण येते तर तिकीट काढ आणि जा, गळा कशाला काढतोस? तू म्हणालास, "आणि आपण दोघं कुठले बे? तू पुण्याचा, मी नागपूरचा. सिंगापुरात बसून महिन्यातून एकदा डाळवांग्याची आठवण काढून राहिलो. गेलो का आपण?" मी विषय बदलला. मला उत्तर सुचलं नाही की मी नेहमी गाण्याच्या तांत्रिक बाजूकडे वळतो, हे तुला ठाऊक होतं, आणि तू दर वेळी मला वळू द्यायचास.

तुझी-माझी ओळखच मुळी तक्रारीतून झाली. मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता, ध्वनियंत्रणा तुझ्याकडे सोपवली होती, आणि दोन भाषणांच्या मधे तू ही चौकडी लावलीस. दिवाळीत! फराळाच्या ताटांवर चार अमेरिकन बाप्ये आईसाठी रडतायत. मी तरातरा तुझ्या टेबलाशी आलो आणि हे काय लावलंय म्हणून विचारलं. तू मान वर न करता म्हणालास, "तक्रार लेखी द्या." तुला वाटलं मी जाईन. मी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे तक्रार लिहिली, दोन्ही समासांसकट पान भरलं. तू ती पूर्ण वाचलीस. दोनदा वाचलीस. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "शनिवारी सकाळी घरी या. माझ्याकडे असलं अजून भरपूर आहे."

त्यातून आपला पंचनामा सुरू झाला. नियम तू केलेस; प्रयोगशाळेत काम करणारा माणूस, तुला नियमांशिवाय गाणंही ऐकवत नसे. एका शनिवारी तू लावायचं, पुढच्या शनिवारी मी. ऐकताना बोलायचं नाही. संपल्यावर पंधरा मिनिटं दोघांनी लिहायचं, मग चहा, मग वाचन. 'ठीक आहे' या शब्दांना बंदी. दहापैकी मार्क, अर्ध्याची मुभा. आणि सातच्या वर द्यायचे असतील तर उभं राहून वाचायचं, म्हणजे माणूस उगाच उदार होत नाही. ती शेवटची खेप सोडली तर अकरा वर्षांत आपण दोघं मिळून तीनदा उभे राहिलो. दोनदा मी, माझ्याच लाडक्या बुवांसाठी, ज्यांना तू पाच दिलेस आणि लिहिलंस, 'माणूस गुणी आहे, पण त्याच्या तावडीतून सुटका नाही.' आणि एकदा तू. मी पुण्याहून तुझ्यासाठी एक जुनं ध्वनिमुद्रण आणलं होतं, कुठल्याशा वस्तीतल्या बायका जयंतीला एकत्र गातायत, मागे लहान मुलांचा गोंगाट. तू उभा राहिलास, नऊ म्हणालास, आणि पुढचं तुला वाचता आलं नाही. कागद माझ्याकडे देऊन चहा टाकायला निघून गेलास. चहा त्या दिवशी सुजाताने आधीच टाकला होता.

बाकी सगळे शनिवार आपण एकमेकांची सालटी काढली. माझ्या शास्त्रीय संगीताला तू काय काय म्हणालास! "एक तास झाला बे पंडित, त्या बाईचा माणूस अजून येऊन नाही राहिला, आणि तू वा वा करून राहिला. माझ्याकडे तीन मिनिटांत लग्न होते, ट्रक येतो, बाप मरतो." मी म्हणायचो, मरतो कारण त्याने तुमचं गाणं ऐकलेलं असतं. तू म्हणायचास, "तुम्हां पुण्याच्या लोकांची मातृभाषाच नापसंती." खरं आहे. नापसंतीत मी जेवढा मोकळा बोलतो तेवढा कौतुकात कधीच बोललो नाही. नीलिमाला विचार, लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिच्या हातच्या आमटीला मी आजवर फक्त 'मीठ बरोबर आहे' एवढंच म्हणालोय. तुला ते कळायचं. तू म्हणायचास की ज्याला हा माणूस शिव्या देतो त्याच्यासाठी तो सव्वा तास प्रवास करून येतो, ते बघा.

एक भांडण मात्र अर्धवट राहिलं आणि ते मला टोचतंय. मी एकदा लिहिलं होतं की हे चौघं मिळून गातात कारण एकट्याने गायची एकाचीही ऐपत नाही. समूहात गाणं म्हणजे गर्दीत लपणं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. रॅफल्स प्लेसला ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते मी दोनदा घासूनपुसून घेतलं होतं. तू ऐकून घेतलंस. नेहमीसारखा तुटून पडला नाहीस. म्हणालास, "एकट्याने गायला मिळणं ही ऐपत नसते, अभय. सोय असते. आमच्या गल्लीत पेटी एक आणि गाणारे चाळीस. तिथे तुझा बुवा पुढे बसला असता तर बाकीच्या एकोणचाळीसांनी काय करायचं होतं? मान हलवायची?" तू मला कधीच नावाने हाक मारत नसायचास. पंडित, बुवा, बे, काहीही. त्या दिवशी अभय म्हणालास. मी यावर काहीतरी चुरचुरीत बोललो, काय ते आठवतही नाही, आणि तू चहा ओतलास. मिलिंद, ते वाक्य मी मागे घेतो. गाणं भिकारच आहे, पण ते एकत्र गातात म्हणून नाही. हे मी त्याच वेळी म्हणू शकलो असतो. मला चुरचुरीत बोलायचं होतं.

मग तुझं ते पोटाचं निघालं. घरात माणसांची रीघ लागली आणि प्रत्येक जण तुला 'पॉझिटिव्ह राहा' सांगून फळं ठेवून गेला. तू त्यांचीही मार्कांची यादी केली होतीस. एका बाईंना शून्य दिलं होतंस, कारण त्यांनी तुझ्या पायाशी बसून डोळे मिटून तुला 'ऊर्जा पाठवली'. "ऊर्जा आली का रे?" मी विचारलं. "आली असेल, पण प्लग नव्हता," तू म्हणालास. मला वाटलं, हा माणूस असा बोलतोय तोवर काही होत नाही.

आणि त्याच आठवड्यात ही सीडी पोस्टाने आली. तू ती केव्हाची मागवली होतीस. शनिवारी मी आलो तेव्हा तू सोफ्यावर पाठीशी दोन उशा घेऊन बसला होतास. तुझं मनगट मला दिसलं. घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. सुजाताने दारातच हळू आवाजात सांगितलं होतं की रिपोर्ट बरे नाहीत, ह्यांना अजून सगळं सांगितलेलं नाही. तू सीडी लावलीस. वीस गाणी. मी एकही ऐकलं नाही. मी पूर्ण वेळ तुझ्या मनगटाकडे बघत होतो आणि विचार करत होतो की या माणसाला आज आनंद द्यायचा. एवढा एकच विचार. अकरा वर्षांत जो कधी आला नाही तो त्या दिवशी आला.

पंधरा मिनिटं लिहिलं. चहा झाला. आणि मी उभा राहिलो.

आठ, मी म्हणालो. लिहिलेलं वाचून दाखवलं. 'परिपक्व', 'हृद्य', 'चार आवाजांचा मनोज्ञ मेळ'. मनोज्ञ! मी हा शब्द त्याआधी आयुष्यात कधी तोंडाने उच्चारला नव्हता. वाचताना मला वाटत होतं की मी फार मोठं काहीतरी करतोय. मैत्रीसाठी स्वतःची अभिरुची गिळणारा मित्र. कागदावरून मान वर केली तर तू माझ्याकडे बघत होतास. आनंदाने नाही. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"बस खाली," तू म्हणालास.

मी उभाच राहिलो.

"बस बे खाली. डॉक्टर अजून 'बघू' म्हणून राहिला. तू तर निकालच लावला."

सुजाता दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर, नव्हे, हातातलं फडकं धरलं. सगळ्यांनी तीन आठवडे जे जपून ठेवलं होतं ते मी एका आकड्यात सांगून टाकलं. पंचनामा माहीत नसलेला कोणीही आठ ऐकून खूश झाला असता. तुला मात्र आठ म्हणजे काय ते कळलं. अकरा वर्षांत मी चौकडीला चारच्या वर कधी दिले नव्हते. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "घरी जा. नीट ऐक. नीट लिहून आण. मला मेल्यासारखे मार्क देऊ नको."

मी नीट लिहून आणलं नाही. ही माझी खरी कबुली, बाकी सगळं वरवरचं. पुढच्या शनिवारी तू विचारलंस, आणलं का? मी म्हणालो, ऑफिसात गडबड होती. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणालो, अजून ऐकतोय. खोटं, माझ्याकडे सीडी होती कुठे, ती मी नेलीच नव्हती, तुझ्या प्लेअरमध्येच होती. मग हॉस्पिटल. तिथे मी तुझ्याशी ब्लॉकच्या लिफ्टबद्दल बोललो, नळीतून येणाऱ्या औषधाबद्दल बोललो, खिडकीतून दिसणाऱ्या बसस्टॉपबद्दल बोललो. दोन मराठी माणसं अर्धा तास बसस्टॉपबद्दल बोलली. तू एकदा म्हणालास, "खोटं बोलायला तुला येत नाही, तर बोलतो काहून?" मी नर्सला बोलावून तुझी उशी नीट करायला लावली. तुला त्या काळात किती माणसं खरं बोलणारी हवी होती? एक. ती जागा माझी होती आणि मी ती रिकामी सोडून पॉझिटिव्हवाल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. तुझा शेवटचा मेसेज माझ्या फोनवर आहे. 'पंचनामा पेंडिंग.' त्याला मी अंगठा पाठवला. मिलिंद, मी अंगठा पाठवला!

तुझ्या अंत्यविधीला सगळ्यांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. मला ते येत नाही. तुझ्याकडे अकरा वर्षं येऊन मी ते शिकलो नाही, तू कधी म्हटलंही नाहीस की शीक. मी नुसते ओठ हलवत उभा होतो. शेजारी प्रज्ञा खणखणीत म्हणत होती, सुजाता म्हणत होती, तो कुंड्यांवाला शेजारीही म्हणत होता, आणि त्या एवढ्या आवाजांत मी खरंच लपलो होतो. गर्दीत लपणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ते गाणाऱ्यांचं नसतं, न गाणाऱ्याचं असतं.

तर काल. काल मी तुझ्या सोफ्यावर बसून ती सीडी पहिल्यापासून ऐकली. मधे बोललो नाही, ते 'उतरा आता' सोडून. समोर कागद होता. मनाशी धरलं होतं की चौकडीला माझे नेहमीचे चार द्यायचे आणि मोकळं व्हायचं. पण पहिल्याच गाण्याला मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. काहीतरी पातळ झालं होतं. मी उठून प्लेअरच्या तारा बघितल्या. दोन्ही स्पीकर चालू होते. दुसऱ्या गाण्यात तेच. तिसऱ्यात तेच. मी लिहिलं, 'ध्वनिमुद्रण सदोष, मधला एक आवाज गायब.' आणि हे नव्याने गायलेल्यांपैकी नव्हतं, मूळचं होतं, तू मला शंभर वेळा ऐकवलेलं.

प्रज्ञा आतून येऊन जमिनीवर बसली होती. गुडघ्यांवर हनुवटी. पाचव्या गाण्याला ती म्हणाली, "अंकल, पप्पा नॉट सिंगिंग, दॅट्स व्हाय. द साँग लाइक गॉट होल."

आणि तेव्हा मला कळलं. तू गायचास. ऐकताना बोलायचं नाही हा नियम तू केलास आणि फक्त या चौघांच्या वेळी तू तो मोडायचास, तोंड मिटून, हळू, त्यांच्या मधोमध कुठेतरी. वरचा सूर नाही, खालचा नाही. कोणाला ऐकू जाऊ नये असा. अकरा वर्षांत एकदाही माझ्या लक्षात आलं नाही. मी, तानपुऱ्याची एक तार उतरली तर बसल्या जागी तळमळणारा माणूस, मला तू माझ्यापासून दोन हातांवर गात होतास हे ऐकू आलं नाही. मला वाटायचं की तो मेळ त्यांचा आहे. शिव्या देतानाही मी मनात म्हणत असे, बाकी काही नाही पण मधला भराव बरा आहे. तेवढ्यासाठी मी त्यांना तीनच्या जागी चार द्यायचो.

मी प्रज्ञाला विचारलं, तुला येतो का तो मधला भाग? ती म्हणाली, "समटाइम्स." मग, "नॉट टुडे, अंकल, कॅन?" मी म्हटलं, कॅन. उरलेली पंधरा गाणी आम्ही दोघांनी ऐकली आणि सुजाताने चहा आणला. तिसरा कप ती सवयीने घेऊन आली होती. ती तो परत नेत नव्हती. शेवटी तिनेच तो घेतला आणि तुझ्या जागेवर बसून प्यायली. मी तुझ्या घरी रडलो, मिलिंद. भिकार गाण्यावर रडलो. याचा अर्थ ते चांगलं आहे असा मुळीच नाही. माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

निकाल ऐक. निवड बेइमान, कारण अकरा गाणी पुन्हा गाऊन घेतली आणि लपवलं. रचना एकसुरी. शेवटी सूर चढवण्याची सवय केवळ निर्लज्ज. शब्दांबद्दल न बोललेलं बरं. त्या कुत्र्याचीच मला तेवढी दया आली. परीक्षकाचं पाच महिन्यांपूर्वीचं मत रद्द समजावं, ते भीतीपोटी दिलेलं होतं.

आजवर मी या लोकांना चार देत आलो. त्यातला एक तुझा होता, तो मी त्यांना देणार नाही. तीन.